पडद्यावरची सखू आणि वाड्यातली हंसा

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत लग्नसराईच्या दिवसांत साडीच्या दुकानात घटकाभर बसून पाहावे. साडी कुठल्या गावची, पोत कोणते, काठ कसले, हे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचे वय बहुधा पन्नाशीच्या पुढचे असते. तिच्याबरोबर आलेली मुलगी मात्र मालिकेतल्या नायिकेचे नाव सांगते आणि दुकानदारही त्याच नावाने साडी उलगडून दाखवतो. पुढे ब्युटी पार्लरमध्ये तीच मुलगी मोबाईलवरचे एक छायाचित्र पुढे करते. भुवया अशा हव्यात, केस असे हवेत, रंग शक्य तितका असा दिसायला हवा. आरशात ती स्वतःला पाहते तेव्हा शेजारी दुसरा चेहरा उभा असतोच.

हे काही आजचे नाही. आपल्या आज्या-पणज्यांनीही फुग्यांच्या बाह्यांची पोलकी शिवून घेतली होती. ती फॅशन त्यांच्यापर्यंत सिनेमातूनच आली होती. आज झगमगाट वाढला आहे आणि तो चोवीस तास तळहातावर येऊन बसला आहे एवढेच. परंतु ज्या चेहऱ्यांकडे पाहत या महाराष्ट्रातील मुलींनी स्वतःची मापे घेतली, त्या चेहऱ्यांनी स्वतः कोणाकडे पाहिले असेल? हा प्रश्न मनात आला की एक आयुष्य हटकून डोळ्यांपुढे उभे राहते. मराठी पडद्यावरची एक आघाडीची नायिका, नावारूपाला आल्यानंतर, याच मराठवाड्यातील एका खेड्यात, एका गृहस्थाच्या वाड्यात, त्याची तिसरी बायको म्हणून सुमारे तीन वर्षे राहिली होती. तिचे नाव हंसा वाडकर.

हंसा हे तिचे मूळ नाव नव्हे आणि वाडकर हे आडनावही नव्हे. जन्म मुंबईचा. पाळण्यातले नाव रतन आणि वडिलांचे नाव भालचंद्र साळगावकर. आईवडिलांच्या दोन्हीकडे कलावंतिणींची परंपरा होती. पणजीच्या काळी घरात पैसा होता, गाणे होते, थाट होता. रतन जाणती होईपर्यंत यातले फारसे काही उरले नव्हते. वडिलांना दारूचे व्यसन होते आणि घर चालवायचे कसे, हा रोजचा प्रश्न होता. अशा घरातली देखणी, गळ्यात सूर असलेली मुलगी १९३६ साली ‘विजयाची लग्ने’ या बोलपटात उभी राहिली तेव्हा तिचे वय जेमतेम तेरा वर्षांचे होते. आज त्या वयाची मुलगी आठवीत असते. घरच्यांना साळगावकर हे नाव पडद्यावर यायला नको होते. मुलीची कमाई हवी होती, नाव मात्र लांब ठेवायचे होते. म्हणून रतन साळगावकर ही हंसा वाडकर झाली. पुढे आयुष्यभर घराने आणि समाजानेही तिच्याशी हाच व्यवहार केला. तिच्याकडून हवे ते घ्यायचे आणि तिच्याशी आपले नाते नाही असे दाखवायचे.

त्या काळी सिनेमात येणाऱ्या स्त्रियांकडे पाहण्याचे दोन चष्मे होते, हे ध्यानात घ्यायला हवे. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या. प्रतिष्ठित घरातली, महाविद्यालयात शिकलेली ही स्त्री रंगभूषा करून कॅमेऱ्यापुढे उभी राहते, याचे कौतुक होते आणि खळबळही होती. लीला चिटणीस पदवीधर होत्या आणि त्यांच्या पदवीचा उल्लेख त्यांच्या नावाबरोबर अभिमानाने होत असे. याच लीलाबाई १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, तसे झळकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय नटी. नटीच्या कातडीची तुकतुकी वडीच्या रूपाने घरोघरच्या न्हाणीघरात पोहोचवायची, ही युक्ती तेव्हापासून चालत आली आहे. शांता आपटेंनी १९३९ साली आपल्या कराराच्या प्रश्नावर ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषण केले. घरंदाज स्त्रियांनी सिनेमात यावे की नाही, यावर वाद झडत होते आणि त्या वादातूनच काही नट्या आदर्शाच्या पदाला पोहोचत होत्या. कलावंतिणीच्या घरातून आलेल्या मुलीबाबत असा वादच नव्हता. ती येणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेले होते. तिच्या येण्याने कोणाला धक्का बसला नाही आणि म्हणून तिच्या धैर्याचे कौतुकही झाले नाही.

हंसाबाईंना धैर्य दाखवायचे होते ते वेगळ्याच दिशेने. त्यांना लग्न करायचे होते. घर, नवरा, मुले, सणवार, दारात रांगोळी आणि तिन्हीसांजेला देवापाशी दिवा. सिनेमा बघणाऱ्या सामान्य गृहिणीला जे आयुष्य सपक वाटत होते, तेच या नटीला हवे होते. तिच्या घराण्यातील बायकांना जे मिळाले नव्हते, ते तिच्या लेखी सर्वांत मोठे वैभव होते. पंधरा वर्षांच्या सुमारास, दिवस गेलेले असताना, त्यांनी जगन्नाथ बंदरकर या आपल्याहून बऱ्याच मोठ्या, घरोब्यातल्या माणसाशी लग्न केले. लग्न झाले म्हणजे आता सिनेमा सुटला, असा त्यांचा हिशेब होता. बंदरकरांचा हिशेब निराळा होता. बायको कमावत राहिली पाहिजे. तिच्या करारांचे, पैशाचे आणि तिच्या दिवसाच्या प्रत्येक तासाचे व्यवस्थापन नवरा पाहू लागला आणि त्याचबरोबर सेटवर ती कोणाशी बोलते, कोणाबरोबर परतते, याचा संशयही घेऊ लागला. तिने पडद्यावर प्रेम करावे म्हणून तिला पाठवायचे आणि प्रेम केलेले दिसले म्हणून तिला मारायचे! गर्भपात, गर्भस्राव, अखेर एक मुलगी, आणि या सगळ्यात शूटिंगचे दिवस कधी चुकले नाहीत.

आता या काळातील चित्रपटांची यादी पाहू. १९३९ मध्ये ‘बॉम्बे टॉकीज’चा ‘नवजीवन’. हिमांशू राय आणि देविका राणी यांची ही संस्था त्या वेळी देशातील सर्वांत शिस्तबद्ध चित्रसंस्थांपैकी एक होती. त्यानंतर हंसाबाई पुण्याला ‘प्रभात’मध्ये आल्या आणि १९४१ साली ‘संत सखू’ प्रदर्शित झाला.

‘संत सखू’विषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. कऱ्हाडच्या सखूची कथा मराठी बायकांना पाठ होती. सासुरवासाने गांजलेली सखू, पंढरीची ओढ, वाटेवर दिसलेले वारकरी, घरातून झालेली अडवणूक, खांबाला बांधून घातलेली सून, आणि मग विठ्ठलाने तिचे रूप घेऊन स्वतःला बांधून घेणे व तिला वारीला धाडणे. ज्या मुलखात गंगाखेडच्या जनाबाईचे जाते विठ्ठलाने ओढले अशी श्रद्धा आहे, त्या मराठवाड्याला ही कथा वेगळी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पडद्यावर सखू झालेल्या हंसाबाईंचा चेहरा सोशिक, भाबडा, अश्रूंनी ओला. सासुरवाशिणींना तो आपला चेहरा वाटला. दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ‘संत तुकाराम’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ यांच्यानंतरचा ‘प्रभात’चा संतपट. त्या परंपरेत हंसाबाईंना आदर मिळाला. आदर्श सून कशी असते, तर अशी, असे बोट दाखवायला घराघरात एक मूर्ती मिळाली. स्वतःच्या घरात रोज मार खाणारी अठराएक वर्षांची मुलगी पडद्यावर मार खाणारी सून झाली होती, हे ती मूर्ती पाहणाऱ्यांना कळण्याचा मार्ग नव्हता.

मूर्ती पुढे पार बदलली. १९४७ मध्ये ‘राजकमल’चा ‘लोकशाहीर रामजोशी’ आला. उत्तर पेशवाईतील सोलापूरचा विद्वान ब्राह्मण शाहीर, तमाशातली बया आणि त्या दोघांची शृंगार-वैराग्याची कथा. जयराम शिलेदार रामजोशी होते आणि हंसाबाई बया. हा चित्रपट असा काही चालला की मराठी सिनेमाला तमाशापटांचा नवा मळा सापडला. नऊवारी, घुंगरू, ढोलकी, भुवयांची कमान, मानेचा झटका. पुढची पंचवीस-तीस वर्षे मराठी नायिका ज्या साच्यात ओतली गेली, तो साचा घडवणाऱ्यांत हंसाबाईंचा वाटा मोठा आहे. १९५० चा ‘पुढचं पाऊल’ही त्याच वाटेवरचा. सखूला पाहून हात जोडणारेच प्रेक्षक बयेला पाहून शिट्ट्या मारू लागले आणि बाई एकच होती. मराठवाड्यात तर तमाशाचे आणि यात्रेचे नाते किती जुने! लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही जनावरांच्या बाजाराइतकेच कलावंतांच्या फडांना महत्त्व आहे. अशा यात्रांत तंबू ठोकून फिरता सिनेमा लागे. चार पैसे देऊन पुरुष त्या नाचणाऱ्या बाईला पाहत आणि एका कडेला बसलेल्या बायकाही पाहत. तिचे रूप, तिचे दागिने, तिचा बेडरपणा. घरी गेल्यावर त्यांतील किती जणींनी दिव्याच्या उजेडात आरशापुढे मान तशी वळवून पाहिली असेल, याची नोंद कोणी ठेवत नाही. पाहिली असणार, एवढे मात्र खात्रीने वाटते.

आणि मग मराठवाड्यातील ती तीन वर्षे. नवऱ्याशी झालेल्या भांडणाच्या, दारूच्या आणि संतापाच्या भरात हंसाबाई एका गृहस्थाबरोबर निघून गेल्या. तो त्यांना घेऊन आला तो मराठवाड्यातील आपल्या गावी. तिथे गेल्यावर कळले की त्याच्या घरात आधीच बायका आहेत. हंसाबाई तिसऱ्या ठरल्या. सुरुवातीला त्यांना हे मानवलेसुद्धा असावे. कारण इथे शूटिंग नव्हते, करार नव्हते, रात्री-बेरात्री हिशेब मागणारा नवरा नव्हता. होते ते घर. चूल, उंबरठा, वडीलधारी माणसे, डोक्यावरून पदर. लहानपणापासून ज्या गृहिणीपणाचा ध्यास घेतला होता, तो इथे मिळाला, अगदी पुरता मिळाला. तो इतका पुरता होता की वाड्याबाहेर पाऊल टाकण्याची मुभा उरली नाही.

आमच्याकडच्या जुन्या गढ्या आणि वाडे ज्यांनी आतून पाहिले आहेत, त्यांना याचा अर्थ समजेल. दिंडी दरवाजा, त्यामागे चौक, त्यामागे माजघर. बायकांचे जग माजघरात सुरू होई आणि परसातल्या आडाशी संपे. घरातल्या इतर बायकांसाठी ही जन्माची रीत होती आणि तिचे त्यांना विशेष काही वाटत नसे. हंसाबाईंनी मात्र मुंबई-पुण्याचे स्टुडिओ पाहिले होते, स्वतःच्या कमाईचा पैसा हातात धरला होता, आपले नाव पोस्टरवर वाचले होते. आता त्या भाकरी थापत होत्या आणि बाहेरच्या जगाला त्या कुठे आहेत याचा पत्ता नव्हता. सखूला खांबाला बांधले तेव्हा विठ्ठल धावून आला होता. इथे तसे कोणी येणार नव्हते. अखेर त्यांनी ज्याला सोडून आल्या होत्या त्या नवऱ्यालाच पत्र पाठवले. सुटकेसाठी हाक मारायची तर दुसरे माणूसच नव्हते, हा त्या कथेतला सर्वांत विदारक भाग आहे असे मला वाटते. तो पोलिसांना घेऊन आला आणि हंसाबाई बाहेर पडल्या. परंतु सुटकेच्या त्या कायदेशीर सोपस्कारातच, ज्या मॅजिस्ट्रेटपुढे त्यांना जबाबासाठी नेले त्यानेच त्यांच्यावर बलात्कार केला, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात सांगितले आहे. ते सांगताना त्यांनी आवाज चढवलेला नाही. आणखी एक घडलेली गोष्ट, अशा सुरात त्या हे सांगून पुढे जातात. वाचणाऱ्याला मात्र पुढे जाता येत नाही.

परतल्यावर त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. दुसरे काही येत नव्हते आणि कोणी दुसरे काही करूही दिले नसते. १९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि त्याने पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात शंभराहून अधिक आठवडे मुक्काम ठोकला. मराठी चित्रपटाच्या इतिहासात एवढे यश फार थोड्यांच्या वाट्याला आले. या चित्रपटाने एका नव्या मुलीला, जयश्री गडकरांना, तारका केले. म्हणजे ज्या साच्यात हंसाबाई घडल्या होत्या तो आता दुसऱ्या चेहऱ्याला सापडला होता. तारकेच्या धंद्यात ही वेळ प्रत्येकीवर येते आणि प्रत्येकीला ती एकटीलाच सोसावी लागते. हंसाबाई तेव्हा चाळिशीलाही पोहोचल्या नव्हत्या. दारू सुटत नव्हती, मुलीशी ताटातूट झाली होती, नवऱ्यापासून त्या अखेर वेगळ्या झाल्या होत्या. पुढची वर्षे त्यांनी राजन जावळे या नटाच्या सोबतीने काढली. तो सहवास सुखाचा होता, असेच त्यांच्या आत्मकथनातून दिसते. कामे कमी होत गेली. १९६८ चा ‘धन्य ते संताजी धनाजी’ हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक.

एवढ्यावर हे आयुष्य संपले असते तर ते मराठी सिनेमाच्या इतिहासातील दोन परिच्छेदांपुरते उरले असते. जुन्या जमान्यातील नायिका, अमुक चित्रपट, तमुक गाजलेली भूमिका, अखेरचा काळ हलाखीचा. आपल्याकडे नट्यांची चरित्रे बहुधा याच ठरीव वाटेने जातात. पण साठच्या दशकात ‘माणूस’ या नियतकालिकासाठी अरुण साधू नावाचा एक तरुण पत्रकार त्यांना भेटला आणि हंसाबाई बोलू लागल्या. पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहून मोठे झालेल्या साधूंनी ते शब्दांकित केले. १९७० साली राजहंस प्रकाशनाने त्याचे पुस्तक केले. पुस्तकाचे नाव त्यांच्याच गाजलेल्या चित्रपटाचे, ‘सांगत्ये ऐका’. चित्रपटाच्या नावात जो ठसका होता, त्याला पुस्तकावर आल्यावर निराळाच अर्थ आला.

मराठीत तोवर स्त्रियांची आत्मचरित्रे कमी नव्हती. रमाबाई रानड्यांपासून लक्ष्मीबाई टिळकांपर्यंत ही परंपरा मोठी आहे आणि त्यात ‘स्मृतिचित्रे’सारखे अजोड पुस्तक आहे. परंतु त्यांतील बऱ्याच जणींनी थोर पतीच्या सावलीत उभे राहून आपले आयुष्य सांगितले होते. हंसाबाईंच्या पाठीशी अशी सावली नव्हती. त्यांनी दारू सांगितली, मार सांगितला, नको असलेली गर्भारपणे सांगितली, नवऱ्याव्यतिरिक्तचे पुरुष सांगितले, मराठवाड्यातला तो वाडा सांगितला. स्वतःला त्यांनी बिचारी ठरवले नाही आणि स्वतःचे समर्थनही केले नाही. आपल्या चुका त्यांनी आपल्या म्हणून पदरात घेतल्या. हे पुस्तक तरुण मुलींच्या हाती पडू नये असे मानणारी घरे तेव्हा होती. त्या घरांना त्याच नटीची सखू चालत होती, तिचे फोटो चालत होते, तिच्या लावण्या चालत होत्या. तिचे खरे आयुष्य तेवढे चालत नव्हते.

इथे थोडे विषयांतर. मुलींपुढे चांगले आदर्श ठेवावेत, असा धोशा आपण कायम लावतो. शाळेच्या भिंतींवर जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्याबाई यांची चित्रे असतात आणि ती असायलाच हवीत. पण लातूरच्या शिकवणी वर्गांना खेड्यांतून आलेली, खोली करून राहणारी, वैद्यकीय प्रवेशाच्या रेट्याखाली दबलेली सतरा वर्षांची मुलगी रात्री मोबाईल उघडते, तेव्हा तिच्यापुढे भिंतीवरची चित्रे नसतात. तिथे एकाच ठशाच्या नाकाडोळ्यांचे, एकाच गोऱ्या छटेत बुडवून काढलेले शेकडो चेहरे सरकत असतात. गोरेपणाचे ‘फेअर अँड लव्हली’ क्रीम आपल्या बाजारात आले ते १९७५ मध्ये आणि त्याच्या नावातला गोरा शब्द कंपनीने काढला तो थेट २०२० साली. मधल्या पंचेचाळीस वर्षांत मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्या किती मुलींनी त्या नळीत आपले भविष्य शोधले! एखादी सुंदर बाई दुसऱ्या बाईला सुंदर वाटावी, यात वावगे काही नाही. वावगे हे की ती बाई कशी जगते, तिला कोण राबवते, तिच्या पैशावर कोणाचा हात आहे, यातले काहीही त्या चित्रात येत नाही. हंसाबाईंच्या चित्रात तरी ते कुठे आले होते? ते चित्रात आणण्यासाठी त्यांना स्वतःच बोलावे लागले.

आणखी एक योगायोग इथे सांगण्याजोगा आहे. ‘प्रभात’च्या ज्या आवारात हंसाबाईंनी सखू रंगवली, तिथे पुढे सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आली. तिथल्या अरुण खोपकर या विद्यार्थ्याच्या ‘तीव्र मध्यम’ या पदविका चित्रपटात एक सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी दिसली. तीच मुलगी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत असे. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यापुढे बसे, ही आठवण तिचे परिचित आजही सांगतात. तिचे नाव स्मिता पाटील. श्याम बेनेगल यांनी तिला ‘निशांत’मध्ये घेतले. त्याची कथा निजामी राजवटीतील तेलंगणातल्या जमीनदारांची, म्हणजे तेव्हा आपला मराठवाडा ज्या संस्थानात होता त्याच संस्थानातली. आणि मग १९७७ मध्ये हंसाबाईंच्या आत्मकथनावर आधारलेला ‘भूमिका’ आला. बाविशीतल्या स्मिताने त्यात हंसाबाईंचे आयुष्य उषा या नावाने उभे केले आणि त्यासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘भूमिका’ने एक गोष्ट घडवली, तिचा पुरेसा विचार झालेला नाही. कथा एका गोऱ्या-गोमट्या, जुन्या वळणाच्या तारकेची होती. ती सांगितली सावळ्या, प्रसाधनाचा सोस नसलेल्या, राष्ट्र सेवा दलाच्या वातावरणातून आलेल्या मुलीने. तारकेच्या कहाणीने दुसरी तारका घडली आणि या दुसरीकडे पाहताना छोट्या गावांतील कितीतरी सावळ्या मुलींना आरशातला आपला चेहरा प्रथमच बरा वाटला. पुढे १९८२ च्या ‘उंबरठा’ने तर घराबाहेर पडणाऱ्या बाईला स्मिताचाच चेहरा दिला. त्या काळी महाविद्यालयात असलेल्या आणि आता साठी ओलांडलेल्या बायका आजही तिच्या टिकलीविषयी, तिच्या हातमागाच्या साड्यांविषयी बोलतात. म्हणजे नक्कल इथेही होतीच. स्मिताही १३ डिसेंबर १९८६ रोजी, बाळंतपणानंतर काही दिवसांतच, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली आणि मग तिचीही मूर्ती झाली.

‘भूमिका’मधला एक भाग मराठवाड्याच्या वाचकाने मुद्दाम पाहावा असा आहे. अमरीश पुरींनी रंगवलेला श्रीमंत काळे उषाला आपल्या वाड्यावर आणतो. तिथे त्याची अंथरुणाला खिळलेली बायको आहे, आई आहे, लहान मुलगा आहे. उषा त्या घरात रमते. मुलाला जीव लावते, सासूची मर्जी राखते, साध्या सुती साडीत वावरते. एके दिवशी जवळच यात्रा भरते. मुलाला घेऊन यात्रा पाहून यावी, एवढीच तिची इच्छा असते. तिला सांगण्यात येते की या घरातल्या बायका बाहेर जात नाहीत. स्मिताच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटते, त्यात बंडाचा आवेश नाही. हवे होते ते घर हेच होते, एवढे तिला कळले आहे. ज्या यात्रांत तंबूतल्या पडद्यावर बया नाचत होती आणि हजारो माणसे तिला पाहत होती, तशीच एक यात्रा पाहायला त्याच बाईला परवानगी नव्हती.

‘भूमिका’ पडद्यावर आला तेव्हा हंसाबाई हयात नव्हत्या. सत्तरच्या दशकाच्या आरंभीच, पन्नाशीही गाठण्याआधी, त्या गेल्या होत्या. आपले पुस्तक मात्र त्यांनी पाहिले होते. चित्रपटाच्या अखेरीस उषा पुन्हा मुंबईत, हॉटेलच्या एका खोलीत एकटी आहे. मोठी झालेली मुलगी तिला आपल्याकडे बोलावते आहे, नवऱ्याचे घर आहे, जुना मित्र आहे. ती कुठेच जात नाही. खोलीत टेलिफोन वाजत राहतो.